चाळीस सेकंदांतल्या दोन सह्या

मी एक जुना डोंगल आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा माझा देह. पुढे पत्र्याचे चपटे तोंड, मागे हरवलेल्या टोपणाची खूण. संगणकाच्या खाचेत मला खुपसायचे, पिनचे आकडे दाबायचे, की माझ्या मालकिणीची सही उमटायची. ना शाई, ना लेखणी! आज मात्र माझ्याकडून एकही सही होत नाही. असे का झाले, ते सांगतो. जरा सरसावून बसा.

माझा जन्म एका धूळ नसलेल्या खोलीत झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरत. एका तबकात आम्ही हजार भावंडे ओळीने झोपलेलो होतो, सगळी सारखी, सगळी पोटाने रिकामी. रिकाम्या भांड्याला जशी पाण्याची आस, तशी आम्हाला मालकाची. देवाने ज्याला घडवले त्याला काम नेमून दिलेच आहे, एवढा विश्वास मनाशी धरून मी डब्यात पडून राहिलो.

माझ्या नशिबी आल्या काकी. त्यांचा दोरखंडाचा कारखाना होता. यजमान गेल्यावर त्यांनीच तो सांभाळला. अकरा कामगार आणि एक लांबलचक शेड. शेड म्हणजे किती लांब? या टोकाच्या माणसाने हाक मारली तर त्या टोकाच्याने ‘काय?’ एवढेच म्हणावे. दोर जेवढा हवा, त्याहून जास्त लांब जागा लागते, कारण पीळ बसतो तसे पेड आखडत जातात. त्या गावात तेवढी लांब दुसरी जागाच नव्हती. शेड गेली की कारखाना गेला, हे साधे गणित होते.

काकींच्या नावाने सही करण्याआधी काकी या काकीच आहेत, हे सिद्ध व्हावे लागले. मला देणाऱ्या कार्यालयाचा माणूस फोनच्या पडद्यावर आला. काकींच्या मागे यंत्राची घरघर चाललेली.

“मावशी, ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरा आणि नाव सांगा.”

काकींनी घसा खाकरून नाव सांगितले. शेडमधले अकराही जण वळून बघू लागले.

“एवढं मोठ्यानं नको. आणि कार्ड उलटं धरलंय तुम्ही.”

“उलटं असो की सुलटं, बाई तीच आहे ना?” काकी म्हणाल्या. पण कार्ड त्यांनी सुलटे केले.

आणि मग माझ्या पोटात एक आकडा जन्मला. केवढा मोठा! लिहायला बसलात तर वहीची पाने संपतील. घडवणाऱ्यांनी तो बाहेर यायला वाटच ठेवलेली नाही. मलासुद्धा तो कुणाला सांगता येत नाही. त्याचा एक जुळा भाऊ मात्र जगभर मोकळा हिंडतो. मी जे कुलूप लावतो, ते फक्त त्या भावालाच उघडता येते. त्याने उघडले म्हणजे कुलूप माझेच, हे कुणालाही पडताळून पाहता येते. भाऊ बाहेर, मी कोठडीत. अशी आमची वाटणी झाली.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सारे दुःख तिच्यातूनच आले. मला कागद दिसत नाही. करार दोन पानांचा असो की दोनशे पानांचा, संगणक त्याचे सार काढतो, एक छोटासा आकडा, आणि तेवढाच माझ्यापाशी येतो. मूळ मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी सार बदलते. पण त्या साराकडे बघून आत काय लिहिले आहे ते मला कळत नाही. आंधळ्याच्या हाती शिक्का द्यावा, तसा मी.

पण मित्रांनो, मालकीण डोळस असली तर आंधळ्यालाही भय नसते. काकी प्रत्येक पान बोटाने ओळ धरून वाचायच्या. चष्मा कपाळावर चढला की पुन्हा नाकावर आणायच्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबले की म्हणायच्या, “हं, देवा, तुझ्या साक्षीनं,” आणि मगच पिन दाबायच्या. त्या शेडचा नऊ वर्षांचा भाडेकरार असाच झाला. सही झाल्यावर मला पदराने पुसून त्यांनी गळ्यातल्या दोरीला अडकवले. दोर वळताना त्यांचा गळा आपोआप गाऊ लागे आणि मी छातीवर ताल धरी:

‘पेडाला पेड तू जोडीत जा रे,
पीळ देणारा तो वेगळाच आहे.’

त्या काळात माझे कौतुकही झाले. एका जहाजवाल्याने दोराचा पुरवठा मागवला होता. करारात माल पोचवायची मुदत चाळीस दिवस. काकींची सही होऊन फाइल गेली आणि चार दिवसांनी तिकडून फोन आला की चौदा दिवसांत माल द्या, तसे लिहिले आहे. त्यांनी पाठवलेली फाइल काकींच्या लेकीने उघडली. ती शाळेत गणित शिकवायची. सहीवर टिचकी मारताच पडद्यावर लाल फुली आली: सही झाल्यानंतर मजकूर बदललेला आहे.

“आई, कुणीतरी चाळीसचे चौदा केलेत!”

जहाजवाल्याच्या कारकुनाने माफी मागितली. त्या दिवशी काकींनी मला तळहातावर घेऊन सगळ्या कामगारांना दाखवले. “एवढासा आहे, पण वकिलाच्या वरताण,” त्या म्हणाल्या. मी फुगलो होतो. गर्वाचे घर खाली, हे तेव्हा आठवायला हवे होते.

पुढे काम वाढले. दर महिन्याला कसले ना कसले विवरण भरायचे, अर्ज करायचे. या सगळ्यासाठी बाजारपेठेत एक अण्णा होते. गावातल्या निम्म्या दुकानदारांचे कागद तेच बघत. माणूस मनाने चांगला, मदतीला धावणारा. त्यांचे एकच वाक्य असे: “तुम्ही कशाला हेलपाटा घालता? मी बसलोय ना!”

पहिल्यांदा काकी स्वतः गेल्या. दुसऱ्यांदा गेल्या. तिसऱ्या महिन्यात दोराची मोठी मागणी आली आणि सवड मिळेना.

“डोंगल इथंच ठेवा की,” अण्णा म्हणाले. “सगळेच ठेवतात. पिन सांगून ठेवा, झालं.”

काकींनी गळ्यातून मला काढले. क्षणभर मुठीत धरले. मग पिन सांगितली. अण्णांनी ती एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिकटपट्टीने माझ्याच पाठीवर चिकटवली. तिजोरीच्या दारावर तिजोरीची किल्ली टांगण्याची ही रीत त्या गावात इतकी रुळली होती, की कुणाला त्यात वावगे दिसत नव्हते.

मला टेबलाच्या दुसऱ्या खणात, पत्र्याच्या डब्यात टाकण्यात आले. आत माझ्यासारखे त्रेचाळीस जण. औषधवाल्याचा, छापखान्याचा, दोन भावांच्या लाकूड वखारीचा, शेडमालकाचासुद्धा. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी. कैद्याच्या अंगावर नंबर असतो ना, तसा. डब्याचे झाकण लागले की अंधार. बाहेर पंख्याची कुरकुर, छपाईयंत्राची खरखर, गिऱ्हाइकांची बडबड ऐकू येई. झाकण उघडे, दोन बोटे आत येत, कुणाला तरी उचलत आणि मिनिटभराने परत टाकत. कशावर सही केली हे त्यालाही सांगता येत नसे. पूर्वी काकींचे बोट ओळींवरून सरकताना मला जाणवायचे, ‘हं, देवा’ ऐकू यायचे. आता नुसते आकडे खटाखट दाबले जात. मी निमूट कुलूप लावी. दुसरे करणार काय? पिन बरोबर असली तर नाही म्हणायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही.

असे वर्ष गेले. एका सकाळी बाहेर शेडमालकाचा आवाज आला. त्याला शेडच्या जागी मोठे गोदाम बांधायचे होते. पण हे सारे मला मागाहून कळले.

“अण्णा, त्या शेडच्या कराराला जोडपत्र आहे. माझा पत्ता बदललाय, बाकी तेच ते. काकींशी बोलणं झालंय.”

“बावीस पानं?” अण्णांनी विचारले.

“वकिलांना पानांचंच तर मिळतं!” दोघेही हसले. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. फोन खांद्यात धरून बोलत बोलतच त्यांनी डबा उघडला. मला खुपसले, चिठ्ठी बघून पिन दाबली. मला उपसले, शेडमालकाच्या डोंगलाला खुपसले, त्याची पिन दाबली. आम्ही दोघे पुन्हा डब्यात. अण्णांचा फोन अजून चालूच होता.

अडीच महिन्यांनी काकी आणि त्यांची लेक तरातरा अण्णांकडे आल्या. काकींना धाप लागली होती. नोटीस आली होती: करारातल्या नव्या अटीप्रमाणे पंधरा दिवसांत शेड रिकामी करा. एकोणिसाव्या पानावर चार ओळी होत्या. जुना करार उभयपक्षी संमतीने संपला, तीन महिन्यांत जागा सोडावी. खाली काकींची सही.

“मी असल्या कशावर सही केलेली नाही,” काकी म्हणाल्या.

लेकीने संगणकावर फाइल उघडली. टिचकी मारली. हिरवी खूण आली. सही खरी. सहीचे प्रमाणपत्र त्या दिवशी चालू होते. सहीनंतर मजकुरात बदल नाही.

“आई,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “गणित खोटं बोलत नाही गं. तू... हल्ली विसरतेस थोडं. परवा गॅस चालू राहिला होता.”

“गॅस वेगळा, शेड वेगळी.”

“मी दोष नाही देत आई.”

काकी खुर्चीत बसल्या. मग त्यांचा जो आवाज आला, तो मला ओळखू येईना. “अण्णा मला न विचारता करायचे नाहीत, मीच इथं येऊन केली असेल मग. हिरवं दिसतंय म्हणजे केलीच असेल. अकरा घरं माझ्या भरवशावर, आणि मी डोकं कुठे ठेवून बसले होते, देवा?”

मित्रांनो, मी डब्यात होतो. चार वीत अंतरावर! ओरडून सांगावेसे वाटले, ‘काकी, तुमचे डोके ठिकाणावर आहे! हात तुमचा नव्हता!’ पण मला तोंड आहे ते खाचेत घालण्यापुरते. त्या दिवशी त्रेचाळीस जणांच्या गर्दीत मी जितका एकटा होतो, तितका कधी नव्हतो. आणि अण्णा? त्यांची खुर्ची करकरली. “बघू या,” एवढेच ते म्हणाले.

तरीही लेकीने नोटिशीविरुद्ध अर्ज केला आणि तंटे मिटवणाऱ्या कचेरीत सुनावणी ठरली. डोंगल घेऊन या, असा निरोप आला, म्हणून सव्वा वर्षाने मी बाहेरच्या उजेडात आलो. लांबट टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर पुढे धावणारे घड्याळ. टेबलामागे तपासनीस बाई बसल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनंतर रुमाल.

शेडमालक आधीच टेकून बसला होता. “बाई, यात तपासायचं काय? हिरवी खूण आहे.”

“हिरवी खूण काय सांगते, माहीत आहे?” बाई म्हणाल्या. “किल्ली खरी होती, आणि नंतर कागदाला कुणी हात लावला नाही. बस्स. किल्ली कुणी फिरवली हे तिला विचारू नका. तिला ते ठाऊक नसतं.” त्यांनी रुमाल नाकाला लावला. “सही कशी झाली, तुम्ही सांगा.”

“काकींनी त्यांच्या घरी बसून वाचली, सही केली, फाइल मला पाठवली. मी माझ्या घरी बसून वाचली आणि सही केली. रीतसर.”

बाईंनी दोन्ही सह्यांवर टिचकी मारली. पडदा सगळ्यांकडे वळवला. “काकींची सही अकरा वाजून बेचाळीस मिनिटं दहा सेकंदांनी. तुमची अकरा बेचाळीस पन्नासला. मधे चाळीस सेकंद. तेवढ्यात फाइल निघाली, पोचली, तुम्ही उघडली आणि बावीस पानं वाचली?”

“मी भराभर वाचतो.”

“वा! मग आमच्याकडे नोकरीला या.”

काकींची लेक पुढे वाकली. तिने तारीख वाचली, आईकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. पण बोलल्या त्या काकीच.

“थांबा. ही तारीख... त्या दिवशी बंदराचा मोठा दोर वळत होता. सकाळी सातला हुक फिरवायला घेतला. पीळ चढायला लागला की हात सोडता येत नाही हो, सोडला तर सगळे पेड उसळून अंगावर येतात. दुपारी दोनला मी पाणी प्यायले. अकरा जणांना विचारा!” त्यांचा आवाज वर चढला. “मी विसरलेले नाही. मी सही केलीच नाही, तर विसरेन काय?”

तपासनीस बाईंनी मला उचलले. पाठीवरची चिठ्ठी वाचली. “हे अक्षर तुमचं?”

“नाही. अण्णांचं.”

“हा डोंगल कुठे असतो?”

“अण्णांकडे.”

“आणि मालक, तुमचा?”

शेडमालकाने टेकणे सोडले. “माझा... म्हणजे... तोही अण्णांकडेच असतो.”

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले. मला घेऊन आलेले ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. खरे बोलले तर धंदा बसला, गावातली पत गेली. आणि गप्प राहिले तर? त्यांच्या विरुद्ध पुरावा तरी काय होता? किल्ली खरी, पिन खरी. मी आणि डब्यातला माझा शेजारी, शेडमालकाचा डोंगल, दोघेही मुके. काकींची शेड, अकरा घरे, त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा, सगळे त्या एका माणसाच्या जिभेवर टांगले होते. ज्याला सांगता येत होते, तोही अडकला होता. त्याला त्याच्या भीतीने कोंडले होते.

अण्णा उठले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

“दोन्ही सह्या मी केल्या,” ते म्हणाले. “एका खुर्चीत बसून. फोनवर बोलत. वाचलं नाही. एक ओळसुद्धा नाही. हे म्हणाले पत्ता बदललाय, मी मान हलवली. त्या दिवशी काकी माझ्यासमोर स्वतःला वेडी ठरवत होत्या, तेव्हाही मी गप्प बसलो. तेच जास्त वाईट झालं.”

शेडमालक ताडकन उठला. “अण्णा, शुद्धीत आहात का?”

“आज आहे.”

त्यांनी जबाब लिहून दिला. तो त्यांनी स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहिला. काकींनी त्या जोडपत्राला संमती दिलेली नव्हती असा निर्णय झाला आणि नऊ वर्षांचा करार कायम राहिला. पण तपासनीस बाईंनी काकींनाही सोडले नाही. “काकी, हा माणूस खरं बोलला म्हणून वाचलात. किल्ली सांभाळणं तुमचं काम होतं. उद्या दुसरा कुणी गप्प बसला असता, तर तुमचं म्हणणं मी कशाच्या आधारावर मानलं असतं?”

काकींनी मान खाली घातली. “खरं आहे.”

“आणि ज्या किल्लीची पिन चारचौघांना माहीत, ती किल्ली राहत नाही. रद्द करा.”

काकींनी तिथूनच फोन लावला. पलीकडच्या माणसाने कारण विचारले. डोंगल हरवला का, बिघडला का?

“हरवलाही नाही, बिघडलाही नाही. त्यानं कधी चूक केली नाही,” काकी म्हणाल्या. “मीच त्याला दुसऱ्याच्या हाती दिला. रद्द करा.”

अशी माझी सही संपली. दुखले का? दुखले. पण मनावरचा मोठा दगडही उतरला. त्या दिवसापासून माझ्याकरवी कुणी काकींच्या नावाने खोटे वदवू शकणार नव्हते. निघताना अण्णा जिन्यात आडवे आले.

“काकी, मी वाईट माणूस नाही हो.”

“नाहीच मुळी,” काकी म्हणाल्या. “तुम्ही सोयीचे आहात. आणि सोय मलाच हवी होती.”

आठवडाभरात डबा रिकामा झाला. औषधवाला आला, वखारीचे दोघे भाऊ आले. कुणी अण्णांना चार शब्द सुनावले, कुणी निमूट आपला डोंगल उचलून गेला. आता त्यांच्याकडे काम असले की माणसे स्वतः येतात, समोर बसून पाने वाचतात. रांग लागते. लोक कुरकुरतात. “लवकर आटपा हो!” असे मागचा म्हणतो, आणि पुढचा म्हणतो, “मी एकोणिसाव्या पानावर आहे, गप बस.”

काकींना नवा डोंगल मिळाला. परवाच एक करार आला. काकींचे हात चिकट झाले होते, गडबड होती. लेक म्हणाली, “आई, दे, मी दाबते पिन. कितीसं लागणार आहे!”

“नको गं. तू शेजारी बस. मी वाचते, मला अडलं तर सांग.”

मी शेडच्या फळीवर, खिळ्यांच्या वाटीत पडून आहे. काम नाही, मुदत नाही, हाक मारणारे कुणी नाही. दोर वळायला लागला की फळी थरथरते आणि काकींचे गाणे ऐकू येते, तेवढे पुरे आहे. देवाने ठेवले तिथे राहावे.

पण जाता जाता एक विनवणी करतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही नावाची अशी एक किल्ली असेल, तुमचीही एक पिन असेल. कुणीतरी प्रेमाने म्हणेल, ‘द्या इकडे, मी बसलोय ना!’ तेव्हा त्याला हसून नाही म्हणा. कुणी हिरवी खूण दाखवून म्हणाला, ‘झालं, आता काय विचारायचं?’ तर त्याला विचारा, किल्ली कुठे होती, हात कुणाचा होता, आणि वाचले कुणी. वेळ लागू दे. मागचे कुरकुरू देत.

मी नऊ ओळी असोत की नऊशे, न बघता कुलूप लावत गेलो, कारण मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते, मित्रांनो.